रेनकोट उलटा करून बघा

रेनकोट घेताना माणसं रंग बघतात, टोपी बघतात, भाव पाडून मागतात. आतली शिलाई कुणी बघत नाही. दुकानदारही दाखवत नाही, कारण दाखवली तर निम्मा माल दोरीवरच लटकत राहील. आपल्या छत्रपती संभाजीनगरात गुलमंडीला घ्या, पैठण गेटला घ्या, नाहीतर ऑनलाइन मागवा. रेनकोट हातात आला की पहिलं काम त्याची आतली बाजू बाहेर काढायचं. शिलाईच्या रेषेवर बोटभर रुंद, चकचकीत पट्टी गरम करून चिकटवलेली दिसली तर पुढचं बोला. नुसता दोरा दिसला तर परत द्या. वर 'वॉटरप्रूफ' असं कितीही ठळक छापलेलं असलं तरी परत द्या.

सुई जिथे जाते तिथे भोक पडतं, आणि वीतभर शिलाईत अशी साठ-सत्तर भोकं सहज असतात. चार्ल्स मॅकिंटॉश या स्कॉटिश रसायनतज्ज्ञानं १८२३ साली दोन कापडांच्या मध्ये रबराचा थर घालून पाणी अडवणाऱ्या कापडाचं पेटंट घेतलं. कापड उत्तम होतं. शिंप्यांनी ते शिवायला घेतलं आणि शिलाईतून पाणी गळायला लागलं. याला दोनशे वर्षं उलटली. आज सहाशे-सातशे रुपयांना जो 'पॅराशूट कापडाचा' रेनकोट आपल्या गळ्यात मारतात, त्याची खोट तीच आहे आणि जागाही तीच.

शहरातल्या अर्ध्या तासाच्या फेरीला हे चालून जातं. चार थेंब आत आले, घरी जाऊन कपडे बदलले. दोन-तीन तास सलग पावसात गाडी हाकणाऱ्याला ते चालत नाही. ओल्या अंगाला वारा लागला की ऐन पावसाळ्यात हुडहुडी भरते, बोटं बधिर होतात, लक्ष रस्त्यावरून उडून आपल्या ओल्या पाठीकडे जातं, आणि ब्रेकवर हात उशिरा पडतो. मला राग येतो तो याचा. ब्रेकची केबल तुटकी विकली तर आपण दुकानदाराचा गळा धरू; गळका रेनकोट विकला तर 'पावसाळा आहे, भिजायचंच' म्हणून सोडून देतो.

आता लांबचा प्रवास नक्की कुणाचा, ते आधी ठरवू. जाहिरातीत लडाख दिसतं. बर्फाचे डोंगर, निळं आकाश, पगाराइतक्या किमतीची जाकिटं. त्याऐवजी हर्सूलच्या रस्त्याला पावसाळ्यातल्या पहाटे उभं राहून बघा. फुलंब्रीकडून दोन्ही अंगांना कॅन लटकवलेले दूधवाले कारागृहासमोरून शहरात शिरतात. उलट दिशेनं सिल्लोडला अप-डाऊन करणारे शिक्षक, बँकवाले, आरोग्य केंद्रातल्या सिस्टर निघालेल्या असतात. औषध कंपन्यांचे प्रतिनिधी अजिंठा-फर्दापूरपर्यंत जाऊन संध्याकाळी परततात. वाळूजची रात्रपाळी सुटलेले कामगार अख्खं शहर ओलांडून हर्सूल-सावंगीकडे घरी येत असतात. सिल्लोड इथून साठेक किलोमीटर. जाऊन-येऊन एकशे वीस, महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर तीन हजार. मनाली ते लेह हे अंतर पाचशेच्या आत आहे. आयुष्यात एकदा ते अंतर कापणाऱ्यासाठी बाजारात ढीगभर रेनसूट आहेत. महिन्यातून सहा वेळा तेवढंच अंतर कापणाऱ्यासाठी रस्त्याकडेचा काळा प्लास्टिकचा कोट आहे.

समृद्धी महामार्गही यांचा नाही. सावंगीला त्यावर चढायची वाट आहे, पण दुचाकीला तिथे बंदी. बंदी योग्यच आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण मग या माणसांच्या वाट्याला जुना रस्ता येतो, ट्रॅक्टरच्या चाकांनी शेतातून ओढून आणलेला काळ्या मातीचा चिखल येतो आणि पाठीमागून पाणी उडवत येणारा ट्रक येतो. तेव्हा रेनकोटाची निवड या माणसाला डोळ्यांपुढे ठेवून करू. त्याला पुरेल तो लडाखलाही पुरेल.

महागड्या रेनसूटच्या लेबलवर पाच हजार मिलिमीटर, दहा हजार मिलिमीटर असे आकडे असतात. विक्रेता ते मंत्रासारखे म्हणतो, अर्थ सांगत नाही. अर्थ सोपा आहे. कापडावर पाण्याचा स्तंभ उभा करायचा आणि त्याची उंची वाढवत न्यायची. कापडातून थेंब झिरपायला लागतात ती उंची म्हणजे हा आकडा. आता गंमत बघा. ताशी ऐंशीच्या वेगानं जाताना समोरचा वारा छातीवर जो दाब देतो, तो या मापात जेमतेम तीस मिलिमीटर भरतो. बैठकीचा हिशेब करा. माणूस सत्तर किलोचा, सीटला टेकणारा भाग समजा सातशे चौरस सेंटिमीटर. दर चौरस सेंटिमीटरवर शंभर ग्रॅम भार. हा दाब झाला एक मीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका, म्हणजे एक हजार मिलिमीटर. पायांवर थोडा भार जातो हे खरं, पण खड्ड्यात आपटलं की हाच दाब क्षणात दुप्पट-तिप्पट होतो. थेंबांचा मारा वेगळा धरला तरी इतका टिकून राहणारा दाब अंगावर दुसरीकडे कुठे नसतो.

त्यात पेट्रोलच्या टाकीवरून ओघळलेलं पाणी सीटच्या उतारानं येऊन नेमकं जांघेशी थांबतं. आणि पॅन्टच्या चार तुकड्यांच्या चार शिलाया एकत्र येतात तीही तिथेच. सगळ्यात जास्त दाब, सगळ्यात जास्त पाणी, सगळ्यात जास्त भोकं, तिन्ही एका जागी. म्हणून रेनकोट छातीवर कोरडा ठेवतो आणि माणूस नेमका बसण्याच्या जागी भिजतो. ज्या पॅन्टमध्ये त्या जागी वेगळा चौकोनी तुकडा घालून शिलाया बाजूला नेल्या आहेत आणि त्यावर आतून पट्टी आहे, ती पॅन्ट दोनशे रुपये महाग असली तरी घ्या. जाकीट त्यामानानं हलकं असलं तरी निभावतं. आपण मात्र नेमकं उलटं करतो. पैसा जाकिटावर घालतो आणि पॅन्ट फुकटात आली म्हणून खूश होतो.

घरी आणल्यावर परीक्षा घ्यायची पद्धतही सांगतो. बादलीच्या तोंडावर पॅन्ट सुलटी पसरा, बैठकीचा भाग आत दाबून खळगा करा, त्यात तांब्याभर पाणी ओता. दहा मिनिटांनी खालून आतल्या अस्तरावर हात फिरवा. हात ओला झाला तर बिल घेऊन दुकानात जा. टॅग तोवर तोडू नका.

माप घ्यायची आपली रीतही चुकीची आहे. दुकानात आरशासमोर उभं राहून माप घेतात. गाडी उभ्यानं चालवायची आहे का? दुकानदाराला सांगा, बाहेर गाडीवर बसून बघतो. बसलं, हँडल धरलं, की बाही मनगटावरून चार बोटं वर सरकते, पॅन्ट घोट्यावरून वीतभर वर जाते आणि जाकीट मागून उचललं जाऊन कंबर उघडी पडते. या तिन्ही जागा झाकलेल्या राहिल्या तर माप बरोबर. रोज जे जाकीट किंवा स्वेटर घालता, त्याच्यावरून घालून बघा. आणि बाही, दंड, कंबर आवळायला पट्ट्या हव्यात. नाहीतर वेग घेतला की रेनकोटाचा फुगा होतो आणि शेजारून ट्रक गेला की तो फुगा गाडीला बाजूला ओढतो.

आपल्याकडची आणखी एक सवय. गळ्यात दस्ती. उन्हाळ्यात फार कामाची, पावसात घातकी. सुती दस्तीचं एक टोक कॉलरच्या बाहेर राहिलं की ते पाऊस पितं आणि आतल्या टोकाकडे चढवत नेतं. समईतली वात तेल ओढते तसं. बाहेर डोकावणारी शर्टाची बाही हेच करते, पॅन्टच्या खालून निघालेला मोजा हेच करतो. शिलाई पक्की, कापड पक्कं आणि तरी माणूस छातीपर्यंत ओला, याचं कारण बहुतेक वेळा हे चिंधीएवढं सूत असतं. सुती काहीही बाहेर दिसता कामा नये. हातमोज्याचं तोंड बाहीच्या आत जाऊ द्या, म्हणजे बाहीवरून ओघळलेलं पाणी मोज्यात भरणार नाही. पॅन्ट बुटाच्या वरून खाली यायला हवी. बूट पाणी पीत असतील तर मोज्यावरून साधी पिशवी चढवा आणि मग बूट घाला. दिसायला कसंही दिसो, पाय कोरडे राहतात.

उजव्या पायाकडेही लक्ष द्या. आपल्या बहुतेक मोटारसायकलींचा सायलेन्सर उजवीकडे असतो. पॅन्टचा उजवा पाय सैल असला की सिग्नलला थांबल्यावर तो सायलेन्सरला टेकतो आणि चरचरून वितळतो. वापरलेले रेनकोट बघा, उजव्या पोटरीपाशी पंज्याएवढं, कडा काळ्या पडून कडक झालेलं भोक दिसेल. चांगले कारखाने तिथे आतून उष्णता सोसणाऱ्या कापडाचा तुकडा लावतात. नसेल तर निदान घोट्यावर आवळायची पट्टी असलेली पॅन्ट घ्या.

महागड्या रायडिंग जाकिटांच्या आत पावसाचं वेगळं अस्तर येतं आणि त्यावर लोक भाळतात. मला तो प्रकार रोजच्या कामाचा वाटत नाही. पाऊस आला की रस्त्यात थांबायचं, जाकीट उतरवायचं, अस्तर आत चढवायचं, पुन्हा जाकीट घालायचं. तोवर माणूस भिजून मोकळा. आणि अस्तर आतल्या अंगाला कोरडं ठेवत असलं तरी बाहेरचं जाड जाकीट पाणी पिऊन जड होतं, वाऱ्यानं गार पडतं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत वाळत नाही. वरून घालायचा, मिनिटात चढणारा सूट बरा. पॅन्टच्या पायाला गुडघ्यापर्यंत चेन हवी, म्हणजे बूट न काढता ती चढते. चेनवर कापडाची दुहेरी झापड हवी.

इथे दोन पावसांचा फरक सांगायला हवा, कारण पुण्या-मुंबईचे जाणकार जो सल्ला देतात तो आपल्याला अर्धाच लागू पडतो. आपल्याकडे वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. आंबोलीला सात हजारांच्या घरात. आपला पाऊस येतो तो झोडपून जातो, अर्ध्या तासात ऊन पडतं, जमीन वाफा टाकते. जूनमध्ये तर पावसाच्या आधी नि नंतर अंगाची लाही होते. अशा हवेत जाड प्लास्टिकचा कोट चढवला की बाहेरचं पाणी अडतं आणि आतला घाम साचतो. चौक्याच्या घाटापर्यंत जाईस्तोवर माणूस आतूनच चिंब. मग तो वैतागून बटणं उघडतो आणि पुढची सर छातीवर घेतो. आपल्या पावसाला हलका, पटकन चढणारा-उतरणारा, काखेत आणि पाठीला झापडीखाली हवा खेळती ठेवणारा सूट लागतो.

पण हाच माणूस श्रावणात मित्रांबरोबर माळशेजला निघाला की हिशेब बदलतो. कायगाव टोक्याला गोदावरी ओलांडली, नगर गेलं, टाकळी ढोकेश्वरपर्यंत ऊन-सावली. आळेफाटा सोडला की आभाळ खाली येतं आणि ओतूरच्या पुढे जो पाऊस धरतो तो दिवसभर सोडत नाही. धुकं, गारठा, सलग धार. तिथे पट्टी मारलेली शिलाई आणि पक्की बैठक नसेल तर घाट उतरेपर्यंत दात वाजायला लागतात. एका दिवसात दोन्ही पाऊस भेटणार असतील तर वरचा सूट हलका ठेवा आणि उबेसाठी आत लोकरीचं किंवा कृत्रिम धाग्याचं काहीतरी घाला. सुती बनियन-शर्ट घामानं ओला झाला की गारच राहतो. लोकर ओली झाली तरी ऊब धरते. आपल्या धनगरांना हे कुणी शिकवावं लागलं नाही, घोंगडं त्यांनी उगाच खांद्यावर टाकलेलं नसतं.

घाम बाहेर सोडणारी आणि पाणी आत न घेणारी कापडं आहेत. अमेरिकेत बॉब गोर यांनी १९६९ साली टेफ्लॉन झटक्यानं ताणून असंख्य बारीक छिद्रांचा पडदा तयार केला. पाण्याच्या थेंबाला ती छिद्रं लहान पडतात, वाफेला पुरतात. गोर-टेक्स ते हेच. वस्तू अस्सल आहे, किंमतही तशीच आहे. पण ती घेण्याआधी एक ध्यानात ठेवा: बाहेरचं कापड पाणी पिऊन चिंब झालं की वाफ बाहेर पडायला वाट राहत नाही, आणि आपल्या दमट हवेत तिचा जोरही कमी पडतो. दुधाच्या फेरीसाठी त्यावर वीस हजार घालू नका. बैठकीची शिलाई पक्की असलेला दोन-तीन हजारांचा सूट आणि वर हवेला वाट, एवढ्यावर आपलं भागतं.

रेनकोट मरतो तो बहुधा पावसानं मरत नाही, डिक्कीत मरतो. ओलाच कोंबला, आठवडाभर तसाच राहिला. मग पावसाळा संपला तरी डिक्कीतच. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, उन्हात उभ्या गाडीची डिक्की भट्टी होते आणि आतला लेप चिकट होऊन पापुद्र्यांनी सुटतो. दिवाळीआधी साध्या साबणानं धुऊन, सावलीत वाळवून, घडी न घालता खुंटीला लटकवा. एवढ्यानं त्याची दोन-तीन वर्षं वाढतात.

आता रंगाकडे येतो. शिलाई चुकली तर माणूस भिजतो. रंग चुकला तर माणूस मरतो.

बाजारातले रेनकोट बघा. काळा, गडद निळा, करडा, लष्करी हिरवा. मळत नाही म्हणून लोक घेतात, लोक घेतात म्हणून दुकानदार आणतो. पावसात आभाळ करडं, रस्ता काळा, त्यावर काळा कोट. एका पहाटे फुलंब्रीकडच्या एका दूधवाल्याला चहाच्या टपरीवर विचारलं, "मामा, एवढ्या पावसात येता, भिजत नाही का?" कपात फुंकर मारत ते म्हणाले, "भिजण्याचं काय सर, वाळून जातं. मागून येणाऱ्याला मी दिसत न्हाई, त्याचं भ्याव वाटतं." त्यांच्या अंगावर काळा कोट होता, पाठीमागे आडव्या बांधलेल्या कॅनमुळे मागचा लाल दिवा निम्मा झाकलेला होता. ज्याला धोका इतका नेमका कळतो, त्याला दुकानात दुसरा रंग कुणी दाखवलाच नव्हता.

२०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्यांत दुचाकीवरच्यांचा वाटा ४४.५ टक्के. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकीचा पुढचा दिवा दिवसाही जळत राहतो, तो बंद करायचं बटणच नसतं. समोरून येणाऱ्याला तुम्ही दिसावं म्हणून हा नियम. चांगला नियम. पाठीमागून येणाऱ्याचं काय, याचा विचार आपला आपल्याला करायचा आहे.

त्यात एक घोटाळा नेहमी होतो. झगझगीत पोपटी किंवा केशरी रंग दिवसा, ढगाळ उजेडात, उठून दिसतो. रात्री तो रंग काहीच करत नाही. रात्री लागते ती रेडियमची पट्टी, जी मागच्या गाडीचा उजेड त्याच गाडीकडे परत फेकते. दिवसा ती पट्टी निर्जीव करडी दिसते. दोन्ही वेगळ्या वस्तू आहेत आणि दोन्ही लागतात. पट्टी पाठीवर असून सॅक लावली तर ती झाकली जाते, म्हणून दंडावर, पायाच्या मागे आणि हेल्मेटच्या मागेही हवी. दूधवाल्यांनी कॅनच्या मागच्या बाजूला लावावी. रेनकोटावर पट्टी शिवून घेऊ नका, नवी भोकं पडतील.

आणि ज्याच्याकडे आधीच काळा कोट आहे, त्यानं तो फेकायची गरज नाही. रस्त्याच्या कामावरचे मजूर घालतात ते जाळीचं पोपटी जाकीट, आडव्या-उभ्या रेडियमच्या पट्ट्या असलेलं, एक-दोनशे रुपयांत मिळतं. ते कोटाच्या वरून घाला. पावसाळ्यात दुचाकीवर खर्च होणाऱ्या पैशांत याच्याइतका मोलाचा पैसा दुसरा नाही.

मागे बसणाऱ्याचाही विचार आपण करत नाही. चालवणाऱ्याला पूर्ण सूट आणि मागे बायको उघडी छत्री धरून, मध्ये प्लास्टिकखाली गुदमरलेलं पोर. चालत्या गाडीवर छत्री उघडणं हा आत्मघात आहे. वारा ती हिसकावतो, सोबत धरणाऱ्यालाही ओढतो, आणि सावरायला हात सुटलेला असतो. वारीत पायी चालणाऱ्याला प्लास्टिकची खोळ उत्तम. गाडीवर तिचा घोळ चाकात जातो, साडीच्या पदरासारखाच. बायकांसाठी म्हणून जो गुडघ्यापर्यंतचा लांब कोट विकतात, त्यानं मांडीपासून खाली सगळं भिजतं. आशाताई, अंगणवाडीसेविका, शिक्षिका रोज स्कूटीवर गावोगाव फिरतात. त्यांच्या मापाचा दोन तुकड्यांचा सूट मागितला की दुकानदार जेंट्समधला लहान साइज काढून देतो. बाईच्या मापाचा सूट मागत राहा. मागणी ऐकू आल्याशिवाय बाजार हलत नाही.

उत्तम सूट अंगावर असला म्हणून सगळीकडे जाता येत नाही, हेही बजावून सांगतो. २०२१ च्या ऑगस्टअखेरीस कन्नडच्या घाटात दरड कोसळली. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात नद्यांनी गावंच्या गावं वेढली. फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर रेनकोट घातलेला आणि न घातलेला सारखाच वाहून जातो. वीज कडकडत असेल तर झाडाखाली थांबू नका. पुण्याच्या आयआयटीएमनं केलेलं दामिनी अ‍ॅप फोनमध्ये ठेवा, आसपास वीज पडण्याचा इशारा ते देतं. आणि सर आली की महामार्गाच्या पुलाखाली ऐन रस्त्यावर गाड्यांची जत्रा भरवू नका. बाहेरच्या पावसातून पुलाखालच्या अंधारात शिरणाऱ्या ट्रकवाल्याला तिथे कुणी उभं आहे हे उशिरा दिसतं. चौक्याच्या डोंगरावर आभाळ उतरलेलं हर्सूलहूनच दिसतं. तेव्हाच पेट्रोल पंपावर वळा, छपराखाली सूट चढवा, मग निघा.

हे सगळं एकेकट्या माणसाच्या खिशावर सोडून द्यावं, हे मात्र मला मान्य नाही. १९८५ पासून वाळूजला बजाजच्या कारखान्यात दुचाक्या बनतात. या शहरानं चाळीस वर्षं देशाला गाड्या पुरवल्या. औद्योगिक वसाहतीत गेटच्या आत शिरताना कामगाराला सेफ्टी शूज लागतात, गॉगल लागतो, ठिकठिकाणी फलक असतात. गेटच्या बाहेर पडला की तोच माणूस रात्री काळ्या कोटात वीस किलोमीटर अंधारात जातो आणि ते कुणाच्याच हिशेबात नसतं. कायद्याच्या हिशेबात मात्र आहे. कामगार राज्य विमा कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली. घर ते कामाची जागा या वाटेवरचा अपघात, नोकरीशी त्याचा संबंध दिसला तर, कामावरचाच अपघात धरला जातो. अपघात कामावरचा, मग त्या वाटेवरचा रेनसूट कामावरचं साधन का नाही? दूध संकलन केंद्रं कॅन देतात, त्याबरोबर जाळीचं जाकीट द्यायला त्यांना किती खर्च येणार? नव्या गाडीबरोबर हेल्मेट द्यायचा नियम आहे, त्यात रेडियमचं जाकीट घालायला काय हरकत आहे?

कंपन्यांच्या कामगार अधिकाऱ्यांना, दूध संघांच्या संचालकांना, शाळांच्या संस्थाचालकांना माझं एवढंच मागणं आहे. दिवाळीला मिठाईचा डबा देता, तो एक वर्ष कमी द्या. मे महिन्यात पोपटी रंगाचा, आतून पट्टी मारलेला, दोन तुकड्यांचा सूट प्रत्येक दुचाकीवाल्याच्या हातात ठेवा. आणि मापं मागवताना एस, एम, एल असा कागद फिरवू नका. पार्किंगमध्ये माणसाला त्याच्या गाडीवर बसवून मापं घ्या.